गोडी मोजणारी नळी

आमच्या गोदामात येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते. "मॅडम, यातून काहीच दिसत नाही."

मी विचारते, "उजेडाकडे तोंड करून उभे आहात का?"

पलीकडे खुर्ची सरकते. मग, "न्हाय, आत बसलोय. ट्यूबलाइट हाय ना."

"एकदा अंगणात जाऊन बघा. फक्त सूर्याकडे धरू नका."

पावलांचा आवाज, दार, एखादा कोंबडा, आणि मग, "हां! निळं-पांढरं दिसतंय!" हा "हां" ऐकायला मला आवडतं. फोनवर बोलणं मात्र अजूनही आवडत नाही. नोकरीच्या जाहिरातीत ईमेलला उत्तरं देण्याचं काम असं लिहिलं होतं, म्हणून मी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या टेबलावर फोन आणून ठेवला, त्याला आता चार वर्षं झाली.

आमचं गोदाम काल्हेरला आहे. मोजमापाची छोटी उपकरणं आम्ही ऑनलाइन विकतो. पाण्यातले क्षार मोजणारी, दुधातलं पाणी ओळखणारी, मातीचा ओलावा सांगणारी. त्यातलं माझं सर्वांत आवडतं उपकरण म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. नाव मोठं आहे, वस्तू म्हणजे वीतभर नळी. पाण्याच्या ग्लासात चमचा उभा केला की तो वाकलेला दिसतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाण्यात साखर असेल तर तो आणखी वाकलेला दिसतो. एवढंच तत्त्व. नळीच्या एका टोकाला तिरपी काच असते. तिच्यावर रसाचे दोन थेंब टाकायचे, वरची पारदर्शक पट्टी मिटायची, आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत आकड्यांची पट्टी दिसते. वर निळं, खाली पांढरं. दोन्ही मिळतात तिथला आकडा वाचायचा. आकडा बावीस असेल तर शंभर ग्रॅम रसात साधारण बावीस ग्रॅम साखर. या मापाला ब्रिक्स म्हणतात.

शेतकरी यावर कलिंगडं नि द्राक्षं तपासतात, रसवंतीवाले ऊस तपासतात, आणि काही लोक घरी वाईन किंवा बिअर करतात ते घेतात. हे शेवटचे लोक फोनवर जरा हळू बोलतात. "कायद्याचं काय?" असं विचारलं की मी "ते उत्पादन शुल्क खात्याला विचारा" सांगते आणि आकड्यांकडे वळते.

घेताना काय बघायचं, हेही सगळे विचारतात. वाईनसाठी शून्य ते बत्तीसची पट्टी घ्यावी. मधासाठी वेगळी येते, ती अठ्ठावन्नपासून सुरू होते, आणि तिच्यात द्राक्षाचा रस टाकला तर सगळं निळंच दिसतं. आमच्या पॅकिंगचे प्रमुख हरिश्चंद्र काका यांनी एकदा पडघ्याच्या एका बागायतदाराला चुकून मधाची नळी पाठवली. त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या यंत्रात निसतं आभाळ भरलंय." तेव्हापासून काका खोक्यावर मार्करने लिहितात: रस, मध.

तापमान आपोआप सांभाळणारी नळी घ्यावी, कारण रस गरम असला की आकडा हलतो. पण हे सांभाळणंही तीस अंशांपर्यंतच. मे महिन्यात पत्र्याखाली बसून मोजलं तर यंत्राला दोष देऊ नये. आधी शुद्ध पाण्याचे दोन थेंब टाकून शून्य लावून घ्यावं. एका गृहस्थांचं शून्य काही केल्या लागेना. खूप वेळाने कळलं की ते काच प्रत्येक वेळी सॅनिटायझरने पुसत होते आणि ती वाळायच्या आत पाणी टाकत होते. "स्वच्छता नको का?" असं त्यांनी मलाच विचारलं.

हे सगळं मी एका पत्रकात लिहिलं. यंत्राबरोबर इंग्रजी पत्रक यायचं, ते कोणी वाचत नसे. मी सरांना म्हटलं, मराठी करून देते. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरी टेमघरला आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायला बसले की शब्द शोधावे लागतात. म्हणून मी एक पद्धत ठरवली. प्रत्येक वाक्य हरिश्चंद्र काकांना वाचून दाखवायचं. त्यांना कळलं तर ठेवायचं.

"ह्यो 'अपवर्तनांक' काय हाय?"

"प्रकाश किती वाकतो ते."

"मंग तसं लिव ना. शिकलेल्यांचा हाच तरास."

असं करत पत्रक एका पानात बसलं. शेवटचा इंग्रजी परिच्छेद तेवढा राहिला. त्यात लिहिलं होतं की रस आंबायला लागल्यानंतर हा आकडा खरा धरू नये. मला तो नीट समजला नव्हता. काका म्हणाले, "आंबलेल्याचं कशाला? आपल्याकं शेतकरी घेतात. नि पानावर जागा पन न्हाय." मी तो परिच्छेद गाळला. काकांनी मत दिलं होतं, गाळला मी.

सिसिलिया आंटींचा पहिला फोन मार्चमध्ये आला.

"तुमच्याकडे ती गोडी बघायची नळी हाय ना? ती बघून गोड कळंल ना? जीभ नाय ना लावायला लागणार?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही, फक्त डोळा लावायचा."

"मंग पाठव. नि हे बघ पोरी, पार्सल माझ्याच हातात दे म्हणावं. सुनेच्या नको."

पत्ता काल्हेरचाच, गोदामापासून दहा मिनिटांवरच्या नव्या इमारतीचा. आंटी तिकडे अलीकडेच राहायला आलेल्या. मूळच्या खाडीपलीकडच्या, ठाण्याच्या. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, आणि घरातल्या लग्नाची वाईन घरीच करायची त्यांची रीत. नातीचं लग्न मेमध्ये होतं. काळी द्राक्षं आली की बरणी भरायची, म्हणून मार्च.

त्यानंतर त्या आठवड्यातून एकदा तरी फोन करत. रसाचा आकडा अठरा आला. साखर घालून चोवीस केला. मी वहीत लिहून ठेवत होते, का ते मलाही माहीत नाही. तिसऱ्या फोनला त्यांनी स्वतःच सांगितलं.

"दोन वर्षांपूर्वी मना ताप आला. तवापासून काय लागत नाय गो. गोड नाय, आंबट नाय. जेवण म्हंजे कागद. वास पण गेला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात येईल. माझ्या वयाला काय येतं? घरात कोणाला ठाव नाय हां. तू पण कोणाला बोलू नको."

मी म्हटलं, "नाही बोलणार." गुपितं ठेवणं मला जमतं. त्यासाठी बोलावं लागत नाही.

मग त्यांनी त्या घरातली पद्धत सांगितली. लग्नात पहिली बाटली जिने वाईन केली तिनेच उघडायची. सगळ्यांसमोर एक घोट घ्यायचा आणि "वाटा" म्हणायचं. मगच ग्लास फिरतात. चाळीस वर्षं हा घोट आंटींचा होता. वाईन शेवटी गोड करायची, ती किती, ते त्या जिभेवर ठरवत. "आता नळीवर ठरवीन," त्या म्हणाल्या. "आंबट निघाली नि मी वाटा म्हणाली, तर सगल्यांना समजंल म्हातारीची जीभ मेली."

एप्रिलमध्ये फोन आला. बरणीतले बुडबुडे थांबले होते, वाईन गाळून झाली होती. "नऊ दाखवते. नऊ म्हंजे गोड हाय का?"

मी पत्रकाप्रमाणे उत्तर दिलं. शंभरात नऊ ग्रॅम साखर. आमच्या घरचा चहासुद्धा तेवढा गोड नसतो. "हो आंटी, चांगली गोड आहे."

"मंग साखर नाय घालत. बुच लावते."

"लावा," मी म्हटलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, ठाण्याच्या एका तरुणाचा रागावलेला ईमेल आला. तो घरी बिअर करतो. आमची नळी सांगत होती की साखर बरीच शिल्लक आहे. त्याच्याकडे तरंगणारं जुन्या पद्धतीचं काचेचं मापक होतं, ते सांगत होतं की जवळपास काहीच उरलेलं नाही. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय, असं त्याने विचारलं होतं.

मी जुनं इंग्रजी पत्रक काढलं आणि शेवटचा परिच्छेद वाचला. या वेळी तीनदा. मग इंटरनेटवर हिशेब शोधला. गोष्ट सोपी होती. साखर संपून अल्कोहोल तयार होतो, आणि अल्कोहोलसुद्धा प्रकाश वाकवतो. नळीला फक्त वाकणं कळतं. कोणामुळे वाकला हे कळत नाही. त्यामुळे आंबून झाल्यावर नळी साखर नसतानाही साखर दाखवते. खरा आकडा हवा तर सुरुवातीचा आकडा धरून गणित करावं लागतं, नाहीतर तरंगणारं मापक वापरावं लागतं. मी वही उघडून आंटींचे चोवीस आणि नऊ त्या गणितात घातले.

उत्तर आलं, शून्य. वाईनमध्ये साखर उरलीच नव्हती.

लग्न रविवारी होतं.

मी काकांना आकड्याची चूक सांगितली, जिभेचं नाही. त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. "फोन कर ना मंग."

"घरात कोणी नसलं की त्याच करतात. मी केला तर सून जवळ असेल."

"मंग जा. धा मिन्टं लागतील."

"मी काय सांगू जाऊन?"

"चुकली म्हून सांग. दुसरं काय हाय सांगायला?"

अनोळखी माणसाच्या दाराची घंटा वाजवणं मला फोनपेक्षाही कठीण वाटतं. ट्रकांच्या रांगेच्या कडेने चालत गेले. वाटेत वाक्य तयार केलं होतं, दार उघडल्यावर ते विसरले. दारात सून होती, शेरॉन. नवरीची आई. तिच्या हातात आमंत्रणांची यादी होती. आतून आंटींचा आवाज आला, "कोण गो?"

"मी... नळीच्या कंपनीतून."

आंटी लगबगीने आल्या. फोनवरून मला वाटल्या होत्या त्यापेक्षा बुटक्या, फुलाफुलांच्या झग्यात. "वॉरंटीची पोरगी हाय," त्यांनी शेरॉनला सांगितलं आणि माझं मनगट धरून मला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं. पलंगाखाली बाटल्या उभ्या होत्या. मी मोजल्या, सव्वीस.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परिच्छेद गाळला तोही. आंटी पलंगावर बसून ऐकत होत्या.

"म्हंजे आंबट हाय."

"बहुतेक."

"बहुतेक काय? तूच बोललीस गोड. मी माझ्या जिभेवर ठेवते तेवरा भरोसा तुझ्यावर ठेवला."

  त्यांनी वाकून एक बाटली ओढली, बूच काढलं, स्टीलच्या पेल्यात घोटभर ओतली आणि पेला माझ्यापुढे धरला.

"चाख."

आमच्या घरात कोणी पीत नाही. एक चुलते प्यायचे, त्यांचं नाव आई घेत नाही. मी हे आंटींना सांगितलं नाही. पण त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा.

"दारू पाजत नाय तुना. जीभ उसनी मागते."

मी चाखली. तोंड आतून आवळलं, डोळे आपोआप मिटले.

"बोल."

"आंबट."

"आंबट म्हंजे काय आंबट? लिंबू का चिंच?"

मी विचार केला. "कच्चं करवंद. मागे थोडं तुरटही."

"हांऽ," त्या म्हणाल्या, जणू माझ्या तोंडातलं त्यांना दिसलं. "मंग चांगली हाय. फक्त सुकी हाय, गोडी नाय. साखर आन, कपाटात हाय. किचनमदी जाऊ नको."

साखर कपड्यांच्या कपाटात ठेवलेली होती. आम्ही चार पेले मांडले, प्रत्येकात थोडी जास्त साखर. इथे मला एक गोष्ट सुचली, आणि चार वर्षांत माझ्या कामाचा मला त्या एका गोष्टीइतका अभिमान कधी वाटला नाही. नळीचा नऊ खोटा असला तरी त्यावर साखर घातली की आकडा जितका वाढतो, ती वाढ खरी असते. म्हणजे जिभेने एक पेला निवडला की नळी त्या पेल्याचा आकडा सांगेल, आणि मग सगळ्या वाईनला त्याच आकड्यावर आणता येईल.

पहिला पेला अजून आंबट. दुसरा बरा. चौथा पेढ्यासारखा. तिसऱ्याला मी थांबले.

"हा पिकल्या करवंदाचा गोड आहे. गिळल्यावर थोडासा आंबट उरतो."

आंटींनी तिसरा पेला आपल्याकडे ओढला. "तोच. माझ्या आईचा तोच." मग हसल्या. "गाल बघ तुझे. घरी काय सांगशील?"

"ऊन लागलं म्हणून."

नळीत तिसऱ्या पेल्याचा आकडा पंधरा होता. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. एक गोष्ट मात्र बजावली. बंद बाटलीत आता साखर घालायची नाही. आत आंबवणारं यीस्ट थोडं जरी जिवंत असेल तरी वाईन पुन्हा आंबायला लागेल, वायू धरेल आणि बाटली फुटेल. साखर शनिवारी घालायची, बाटल्या सरळ फ्रिजमध्ये ठेवायच्या, रविवारी उघडायच्या. आंटींनी तो कागद झग्याच्या खिशात घातला.

निघाले तेव्हा शेरॉन माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आली. दार बंद झाल्यावर म्हणाली, "साखर किती घालायची ठरली?"

मी लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिले.

"अगं, घाबरू नकोस. मला माहिती आहे. दोन वर्षं झाली. त्या वळल्या की भाजीत मीठ मीच घालते. गेल्या ख्रिसमसला वाईन पण मीच गोड केली, रात्री बरणीत साखर टाकून. यावेळी त्यांच्या लपवलेल्या नळीने गोंधळ केला. गोड आहे म्हणाल्या आणि बुचंच लावून टाकली. आता बंद बाटलीत मी काय करणार होते?"

म्हणजे माझ्या गाळलेल्या परिच्छेदाने आंटींना फसवलं होतंच, शिवाय त्यांना गुपचूप सावरणारा हातही अडवला होता. मी तिला पंधरा हा आकडा सांगितला.

"तुम्हाला माहीत आहे हे त्यांना का नाही सांगत?" मी विचारलं.

"सांगितलं तर किचनमध्ये येणार नाहीत त्या. खोलीत बसून राहतील. तू पण बोलू नकोस हां."

"त्यांनीही हेच सांगितलंय," मी म्हटलं. शेरॉन हसली, पण तिचे डोळे भरले होते. लिफ्ट खाली पोहोचली तरी तिने थोडा वेळ दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक पुन्हा लिहिलं. ते दोन बाजूंचं झालं. वाईन आणि बिअरसाठी नळी घेतलेल्यांची यादी काढून एकेकाला फोन केले. कोणाचं आधीच बिघडलं होतं, कोणी मला सुनावलं. एका गृहस्थांनी गोड समजून आंबट वाईन मेहुण्याला भेट दिली होती. "बरंच झालं," ते म्हणाले, "त्याच्या लायकीची होती." सगळ्यांचं असं नव्हतं. एका बाईंनी, नळीतला आकडा शून्यावर येईना म्हणून, त्यांची पहिलीच वाईन बिघडली समजून ओतून दिली होती आणि पुन्हा करायची नाही असं ठरवलं होतं. ती ठीक होती, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मी लग्नाला गेले. आंटींनी फोन करून सांगितलं होतं, "येच. समोर बस. माझ्या नजरेत." म्हणजे मी मान हलवायची, मग त्या "वाटा" म्हणणार.

मी पहिल्या रांगेत बसले, जिथे मी कधीच बसत नाही. आंटी गर्द हिरव्या लुगड्यात होत्या, गळ्यात जुने दागिने. त्यांनी बूच काढलं, ग्लासात ओतलं. माझ्याही हातात एक छोटा ग्लास कोणीतरी दिला. मी ओठ लावले. पिकलं करवंद. मी सरळ बसले, मान हलवायला तयार.

आंटींनी घोट घेतला आणि नजर उचलली. ती माझ्यावर आली नाही. माझ्या डोक्यावरून मागे गेली. मी वळून पाहिलं. माझ्या मागेच खांबाजवळ शेरॉन उभी होती, हातात तसाच छोटा ग्लास. सासूची नजर आपल्यावर आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. मग तिने हळूच मान हलवली.

"वाटा," आंटी म्हणाल्या.

टाळ्या झाल्या, बँड सुरू झाला. आंटी ग्लास खाली ठेवून शेरॉनजवळ गेल्या. मी त्यांच्यापासून दोन पावलांवर होते, म्हणून ऐकू आलं.

"मटणाचं मीठ बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "रोज बघतेस तसं?"